कार्बोरेटरचा हिशेब

बंद पडलेले यंत्र भंगारात काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे, हा शिरस्ता यंत्रमागांवर पोसलेल्या मालेगावाला कोणी शिकवावा लागत नाही. आणि म्हणूनच १९९६ साली बंद पडलेल्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी किंवा एस्कॉर्ट्सची राजदूत धूळ खात पडलेली आढळली, तर 'किकला घेत नाही' एवढ्याच सबबीवर तिला निकालात काढणे येथील मिस्त्रीस मानवत नाही. त्याचा पहिला संशय कार्बोरेटरवर, आणि बहुधा तो खरा ठरतो.

इंजिनाने ओढलेली हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिचा दाब उतरतो व त्यामुळे पेट्रोल जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर खेचले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा, हे संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण. खालच्या वाटीतील पातळीचा बंदोबस्त फ्लोटकडे असतो: पाण्याच्या टाकीतील गोळ्याप्रमाणे तो वर आला की सुई आवक बंद करते.

या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, तेव्हा ऑइल पेट्रोलातच मिसळलेले. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट राप नेमका पायलट जेटमध्ये बसतो, कारण सर्वांत बारीक छिद्र त्याचेच. येथे अडाणी हात पोलादी तार घेऊन सरसावतो. जेट पितळेचे, छिद्र केसभर वाढले तरी त्यावर कोरलेला आकडा खोटा ठरतो, आणि मग कितीही स्क्रू पिळले तरी धूर व पेट्रोलचा खप हटत नाही. जाणता मिस्त्री जेट भिजत ठेवतो, हवेच्या झोताने साफ करतो आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल आहे की नाही हे पडताळतो. बाजारातील नकली जेटपेक्षा असे जुने, अबाधित जेट मला अधिक विश्वासार्ह वाटते. नकलेवरचा आकडा पुष्कळदा शोभेपुरताच असतो.

गळ्यातील हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या स्लाइडची झीज मात्र साफसफाईने जात नाही. स्लाइड ढिली झाली की कडेने फाजील हवा शिरते व गाडी स्लोला ठरत नाही. तेव्हा बॉडी बोअर करून जाड स्लाइड बसवावी, नाहीतर दुसरा कार्बोरेटर शोधावा.

जोडताना पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहावा. बुडबुडे आले तर तो फुटका. स्लाइडला लटकणाऱ्या सुईची (फ्लोटच्या नव्हे) क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसून मिश्रण पातळ होते, आणि टू-स्ट्रोकला तेच अधिक घातक, कारण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचून पिस्टन जाम होतो. शेवटचा दाखला प्लगचा. गाडी थोडी पळवून तो काढावा: काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढुरका असेल तर पातळ, आणि तपकिरी निघाला तर किल्ली मालकाच्या हवाली करण्यास हरकत नाही.