रुग्णनोंदींच्या दाराशी कोण आले? : डेटाबेस सर्व्हरवरील जोडणी-नोंद

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्यास केलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्ट वैद्याने बाहेर नेऊ नये, असे स्पष्ट बंधन घातलेले आहे. केसपेपर लाकडी कपाटात होते तोवर हे बंधन पाळणे सोपे होते. कपाटाची किल्ली वैद्याच्याच कमरेला असे. आता रुग्णाची व औषधसाठ्याची माहिती एका संगणकातील डेटाबेस सर्व्हरमध्ये असते आणि तपासणीची खोली, औषधवाटपाची खिडकी व बिलाचे टेबल अशा तीन-चार ठिकाणांहून ती उघडली जाते. ती कोणी व केव्हा उघडली, याची नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

आमच्याकडेही ती नव्हती. साजगावी बोंबल्या विठोबाची कार्तिकी यात्रा भरली की चिकित्सालयात गर्दी उसळते. अशाच एका यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे वंध्यत्वाची चिकित्सा घेणाऱ्या एका दांपत्याची माहिती गावात बोलली जाऊ लागली. संशय औषधे देणाऱ्या साहाय्यक भगिनीवर गेला. तिने नकार दिला; परंतु तिचे म्हणणे खरे वा खोटे ठरविण्यास आमच्यापाशी काहीच साधन नव्हते. सर्व संगणकांवर एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरला जात होता. महिनाभरात तिने काम सोडले. पुढे तज्ज्ञाच्या साहाय्याने आम्ही जी व्यवस्था केली, ती वैद्यबंधूंच्या व औषधालयचालकांच्या उपयोगासाठी येथे देत आहोत.

जोडणी-नोंद म्हणजे काय?

बिलाचा वा केसपेपरचा प्रोग्राम उघडला की तो सर्व्हरशी जोडणी करतो, म्हणजेच कनेक्शन घेतो. त्या क्षणी वापरकर्त्याचे नाव, संगणकाचा आयपी पत्ता, डेटाबेसचे नाव आणि वेळ सर्व्हरला ठाऊक असते. हे सारे एका फाइलमध्ये लिहून ठेवणे म्हणजे जोडणी-नोंद. मात्र अनेक सर्व्हरांवर यशस्वी जोडणीची नोंद मुळात बंद असते. आपण सांगितल्यावाचून ती सुरू होत नाही.

पूर्वतयारी

प्रथम प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. काही प्रोग्राम मात्र कर्मचारी कोणीही असो, सर्व्हरशी एकाच नावाने जोडले जातात. तसे असल्यास प्रोग्रामची स्वतःची लॉगिन-नोंदही सुरू करवून घ्यावी. दुसरे, राउटरमध्ये प्रत्येक संगणकास ठरावीक आयपी पत्ता बांधून द्यावा; अन्यथा आजचा खिडकीवरील पत्ता उद्या बिलाच्या टेबलास मिळू शकतो. तिसरे, सर्व संगणकांची घड्याळे इंटरनेटवरून जुळविण्याची सोय चालू ठेवावी. वेळ चुकीची असेल तर नोंद असूनही निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्ष मांडणी

आमचा सर्व्हर पोस्टग्रेसक्यूएल आहे. त्याच्या 'पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ' या फाइलची आधी एक प्रत काढून ठेवावी. नंतर पुढील बदल करावेत (नावे व अक्षरे फाइलमध्ये इंग्रजी लहान लिपीत लिहावयाची आहेत) :

१. 'लॉग_कनेक्शन्स' व 'लॉग_डिसकनेक्शन्स' ही दोन्ही 'ऑन' करावीत. पहिल्याने आगमन कळते. दुसऱ्याने निर्गमन व एकूण कालावधी.

२. 'लॉग_लाइन_प्रिफिक्स' मध्ये %एम (वेळ), %यू (वापरकर्ता), %डी (डेटाबेस), %एच (पत्ता) व %पी (प्रक्रिया क्रमांक) ही चिन्हे घालावीत.

३. 'लॉग_टाइमझोन' येथे 'एशिया/कोलकाता' लिहावे.

४. 'लॉगिंग_कलेक्टर' 'ऑन' असल्याची खात्री करावी.

पहिल्या तीन बदलांस सेटिंग पुन्हा वाचण्याची आज्ञा, म्हणजे रीलोड, पुरेसा होतो व तो नव्या जोडण्यांना लागू पडतो. चौथा बदल करावा लागल्यास सर्व्हर बंद करून चालू करावा लागतो. तो रुग्ण नसताना करावा. जुन्या फाइली पोस्टग्रेस आपोआप काढून टाकीत नाही, म्हणून डिस्कवरील जागा पाहत जावी.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असल्यास सर्व्हरच्या गुणधर्मांतील 'सिक्युरिटी' या पानावर लॉगिन ऑडिटिंग असते. तेथे मूळची निवड केवळ फसलेल्या लॉगिनची असते. ती यशस्वी व फसलेल्या अशा दोन्हींची करावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. येथे एक धोका आहे. हा सर्व्हर दर वेळी सुरू होताना नवी नोंद-फाइल उघडतो आणि जुन्यांपैकी मूळ सेटिंगनुसार सहाच जपतो. खालापूर-कर्जतच्या पावसाळ्यात वीज वारंवार जाते. इन्व्हर्टर नसेल तर आठवड्याभरातच मागील नोंद नाहीशी होईल. ही संख्या ९९ पर्यंत वाढविता येते.

मायएसक्यूएलमधील 'जनरल लॉग' जोडण्यांसह प्रत्येक आज्ञाही लिहितो. त्यामुळे डिस्क भरतेच, शिवाय रुग्णांची माहिती त्या फाइलमध्ये उतरते; तो कायम चालू ठेवू नये. मारियाडीबी असल्यास 'सर्व्हर ऑडिट' हे प्लगिन केवळ 'कनेक्ट' या प्रकारापुरते लावावे.

नोंद वाचताना

दर शनिवारी दहा मिनिटे नोंद वाचावी. अपरिचित पत्ता, अवेळी जोडणी आणि सलग फसलेले पासवर्ड या तीन गोष्टी पाहाव्यात. एका लक्षणावरून निदान मात्र करू नये. आम्हांस पहिल्याच आठवड्यात रात्री दोनची जोडणी दिसली आणि धसका बसला. चौकशीअंती तो आमचाच बॅकअपचा प्रोग्राम निघाला. काही प्रोग्राम पासवर्ड लागतो की नाही हे पाहण्यासाठी दोनदा जोडतात. तेथे 'कनेक्शन रिसीव्ह्ड' ही ओळ दोनदा येते, त्यात दोष नाही.

या नोंदीची मर्यादाही जाणून घ्यावी. दारातून कोण आले हे ती सांगते. आत कोणता केसपेपर उघडला हे सांगत नाही. तसेच ज्याच्या हाती सर्व्हर आहे तो ती पुसूही शकतो. म्हणून तिची प्रत वेगळ्या जागी ठेवावी.

कायद्याचाही रोख याच दिशेस आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे म्हटले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखालील, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत अशा नोंदी एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे; ती अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू होते.

परंतु आमच्या दृष्टीने कायद्याहून मोठे कारण दुसरे आहे. ही नोंद कर्मचाऱ्यांवर पहारा म्हणून नव्हे, तर त्यांच्या संरक्षणासाठीही आहे, हे त्यांना आधीच सांगावे. नोंद सुरू झाल्यापासून पुढचे कळते, मागचे कधीच कळत नाही. त्या भगिनीस आम्ही दोनदा निरोप पाठविला. ती परत आली नाही. तिचा दोष होता की नव्हता, हे आम्हांस आजही सांगता येत नाही.