खटक्यापासून ठिपक्यापर्यंत

छत्रपती संभाजीनगरात 1981 साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, तेव्हा न्यायालयीन कामकाजाचा कागद टंकयंत्रावरच तयार होत असे. त्यात टंकलेखकाच्या कौशल्याचा वाटा मोठा होता आणि तो आदराने नोंदवायला हवा. मुंबईच्या गोदरेज कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले होते. विजेवर चालणाऱ्या यंत्रांत मात्र आयबीएमच्या 1961 च्या सिलेक्ट्रिकने नवी वाट पाडली. तिच्यातील 88 चिन्हांचा फिरता गोळा शाईच्या फितीवर आदळत असे, त्यामुळे बोटांचे श्रम कमी झाले.

देवनागरीची अडचण याहून खोल होती, कारण मर्यादित कळांवर जोडाक्षरे मावत नसल्याने अर्धी अक्षरे आणि मात्रा वेगवेगळी छापून एकमेकांना जोडावी लागत. ही कोंडी ठिपक्यांनी अक्षर घडवणाऱ्या डॉट मॅट्रिक्स मुद्रकाने फोडली. सुयांची रांग फितीवर आपटून कोणत्याही लिपीचा आकार उमटवू शकते. मराठीच्या दृष्टीने ही खरी क्रांती होती, आणि पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने तिला संगणकावरील देवनागरीची जोड दिली. पुढे एचपीच्या 1984 च्या लेसरजेटने भुकटीच्या शाईची, तर 1988 च्या डेस्कजेटने शाईचे सूक्ष्म थेंब फवारण्याची पद्धत टेबलावर आणली, आणि मुद्रण घरात आले. कार्बन प्रतीची गरज जिथे आहे, तिथे मात्र आदळणाऱ्या सुयांचा मुद्रक आजही लागतो, कारण फवारलेल्या शाईचा दाब खालच्या कागदापर्यंत पोहोचत नाही.