स्विचचे पोर्ट नीट लावून घ्या

वडवणीतल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि सेतू केंद्रं सांभाळणाऱ्या मित्रांनो, तुमचा स्विच मॅनेज्ड असेल तर त्याचा प्रत्येक पोर्ट वेगळा सांभाळता येतो. ही सोय वापराच.

आधी प्रत्येक पोर्टला नाव द्या: 'काउंटर २', 'गेटचा कॅमेरा'. बिघाड झाला की वायरी ओढत बसावं लागत नाही. रिकामे पोर्ट बंद ठेवा. कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. व्हीलॅनला १ ते ४०९४ पर्यंतचा क्रमांक देता येतो.

नेट 'चालतं, पण रडत चालतं' अशी तक्रार असेल तर स्पीड आणि डुप्लेक्स बघा. स्विचवर १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स पक्कं केलं आणि संगणक ऑटोवर राहिला, तर संगणकाला स्पीड कळतो, डुप्लेक्स कळत नाही. तो हाफ डुप्लेक्सवर जातो. लिंकचा दिवा हिरवाच राहतो, पिंगही जातो, पण मोठी फाइल पाठवली की टक्कर सुरू. स्विचच्या पोर्टच्या काउंटरमध्ये सीआरसी एरर आणि संगणकाच्या बाजूला लेट कोलिजन वाढताना दिसतात. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवणं हाच माझा आग्रह. तरी एरर वाढतच असतील तर केबल तपासा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर.

आणि सेटिंग सेव्ह करा! सिस्कोवर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिलं नाही, तर लाइट जाऊन आल्यावर सेव्ह न केलेले बदल गेलेले असतात.