मोटरहोमच्या भिंतीला फुगा का येतो?

अमेरिकेत सेकंडहँड मोटरहोम घ्यायचं म्हणताय? मग मी म्हणेन, इंजिनाआधी भिंत बघा.

बऱ्याच मोटरहोमची भिंत म्हणजे सँडविचच. बाहेर फायबरग्लासचा पातळ थर, त्यामागे प्लायवूड, मग फोम. सगळं एकमेकांना चिकटवलेलं. छताच्या किंवा खिडकीच्या कडेचं सीलंट तडकलं की पाणी आत झिरपतं. प्लायवूड भिजतं, चिकटलेले थर सुटतात आणि फायबरग्लास फुगतं. यालाच डीलॅमिनेशन म्हणतात.

फुगा नुसता चिकटवून उपयोग नाही. आतली ओल लाकूड कुजवतच राहते. म्हणून तिरप्या उन्हात भिंतीच्या कडेने नजर टाका, बोटाने ठोका. फुगवटा दिसला, आवाज पोकळ आला, तर भाव नंतर ठरवा. आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा.