डिट्टो? छे, मुळीच नाही!

दोस्ता, एक कोडं घालू?

दोन मुलगे आहेत. दोघांचं नाक तेच, डोळे तेच, हसताना गालावर पडणारी खळीसुद्धा तीच. वाढदिवस एकाच दिवशी. भूक लागते तीही एकाच वेळी! आता सांग, या दोघांत फरक काय?

‘काहीच नाही’ असं तुझं उत्तर असेल, तर थांब थांब! माझ्याबरोबर राणीच्या बागेत चल. तिथले पेंग्विन आणि वाघ वेगळंच काहीतरी सांगतात.

हे दोघे म्हणजे माझे भाचे, माझ्या धाकट्या बहिणीची जुळी मुलं. वय वर्षं दोन. एक काही मिनिटं आधी जन्मला, म्हणून तो थोरला. दुसरा धाकटा. आपणही त्यांना तसंच म्हणू या.

त्यांच्या आजीचासुद्धा रोज गोंधळ उडतो. म्हणून तिनं युक्ती काढली आहे. थोरल्याला तीट लावायची उजव्या गालावर आणि धाकट्याला डाव्या! पण मग काय होतं, माहीत आहे? दोघे एकमेकांना मिठी मारतात, गालाला गाल घासतात आणि तीट गायब!

तर त्या दिवशी आम्ही सगळे निघालो. आजी, बहीण, मुलांचे बाबा, मी, दोन बसायच्या जागांची ती लांबलचक बाबागाडी आणि खाऊच्या पिशव्या.

राणीची बाग मुंबईत भायखळ्याला आहे. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग लोकांसाठी उघडली १८६२ मध्ये. तेव्हा तुझ्या आजीची आजीसुद्धा जन्मली नसेल! जायचं असेल तर बुधवार सोडून जा हं. बुधवारी बागेला सुट्टी असते.

सगळ्यात आधी पेंग्विन!

बाहेर घामाच्या धारा आणि आत गारेगार. थोरल्यानं लगेच आजीच्या पदरात तोंड खुपसलं. काचेच्या पलीकडे तर अजून थंड, साधारण १६ ते १८ अंश! हे हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं मूळ घर खूप दूर आहे, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर. पण गंमत बघ, हे पेंग्विन बर्फात राहत नाहीत! त्यांच्या किनाऱ्यावर खडक असतात, वाळू असते, कडक ऊनही असतं. फक्त शेजारून समुद्राचा एक थंडगार प्रवाह वाहतो. त्या गार पाण्यात मासे भरपूर, म्हणून पेंग्विन खूश.

मुंबईत मात्र ते पेरूहून आले नाहीत. २०१६ मध्ये ते विमानात बसून आले दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून. आहे की नाही मजा? पोहणारा पक्षी, ज्याला उडता येत नाही, तो समुद्र ओलांडून उडत उडत मुंबईला आला!

आता काचेजवळ ये. अगदी नाक टेकव. काय दिसतं? काळी पाठ, पांढरं पोट, छातीवर एक काळा पट्टा. सगळे पेंग्विन एकसारखे!

खरंच? नीट बघ. पांढऱ्या पोटावर छोटे छोटे काळे ठिपके दिसले? एकाच्या पोटावर तीन इकडे, दोन तिकडे. दुसऱ्याच्या पोटावर कोपऱ्यात नुसतीच गर्दी. तिसऱ्याच्या पोटावर जवळजवळ काहीच नाही. प्रत्येकाची ठिपक्यांची रांगोळी वेगळी!

आणि हे ठिपके त्यांच्या खूप उपयोगाचे असावेत. हम्बोल्ट पेंग्विनांचे चुलतभाऊ म्हणजे आफ्रिकन पेंग्विन. त्यांच्यावर इटलीत एक भारी प्रयोग झाला. शास्त्रज्ञांनी पेंग्विनांचे खऱ्या आकाराचे फोटो लावले. एक फोटो जोडीदाराचा, एक दुसऱ्याच कुणाचा तरी. पेंग्विन आला आणि जोडीदाराच्या फोटोकडे जास्त वेळ बघत राहिला. ओळखलं!

मग शास्त्रज्ञांनी फोटोंमधले ठिपके पुसून टाकले. आणि काय झालं असेल? पेंग्विनाला ओळखताच येईना! चेहरा, चोच सगळं जागच्या जागी होतं. ठिपके तेवढे नव्हते. म्हणजे आजीच्या तिटेसारखंच की! पण पेंग्विनांची तीट मिठी मारली तरी पुसत नाही.

हा प्रयोग छापून आला २०२३ मध्ये. माणसं इतकी वर्षं पेंग्विन बघत होती, तरी हे गुपित आत्ता आत्ता कळलं. मला तर ते वाचून उड्या माराव्याशा वाटल्या!

आम्ही ठिपके बघत होतो आणि आमची जुळी काय करत होती? दोघांनी आपापले दोन्ही पंजे काचेवर थापले होते! नुकतंच केळं खाल्लेले चिकट पंजे. त्यांच्या बाबांनी लगेच रुमाल काढला. मी म्हटलं, “अहो, जरा थांबा!” काचेवर इवल्या इवल्या बोटांचे ठसे उमटले होते. थोरल्याचे एकीकडे, धाकट्याचे दुसरीकडे.

आणि दोस्ता, आपल्या कोड्याचं उत्तर तिथेच होतं! नाक तेच, डोळे तेच, खळी तीच. पण बोटांचे ठसे? वेगळे! कितीही सारखी जुळी असोत, त्यांचे ठसे वेगळेच असतात.

हे कसं काय बुवा? त्यासाठी जरा मागे जाऊ. बाळाची सुरुवात आईच्या पोटात होते, एका इवल्याशा पेशीपासून. ही पेशी म्हणजे पेन्सिलच्या टोकानं काढलेल्या ठिपक्याहूनही लहान. कधी कधी ती वाढता वाढता दोन भागांत विभागते आणि एका बाळाऐवजी दोन बाळं तयार होतात! दोघांकडे शरीर घडवायच्या अगदी त्याच सूचना. अशी जुळी एकमेकांसारखी दिसतात. काही जुळी मात्र सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या पेशींपासून वाढतात. ती एकमेकांसारखी दिसतीलच असं नाही. त्यांत एक मुलगा आणि एक मुलगीही असू शकते.

आमचे दोघे पहिल्या प्रकारचे. सूचना त्याच, मग ठसे वेगळे का?

याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे! आज घरी पोळ्या होतील तेव्हा ओट्याजवळ उभं राहून बघ. कणीक एकच. तवा एकच. लाटणारे हातही तेच. पण दोन पोळ्या शेजारी शेजारी ठेव आणि त्यांच्यावरचे तपकिरी डाग बघ. एकसारखे आहेत का? कधीच नसतात! एक पोळी इथे जरा जाड, तिथे जरा पातळ. दुसरी फुगली तेव्हा वाफ या बाजूनं निघाली. तवा मधेच जास्त तापला. एवढ्याशा फरकानं डागांची नक्षी पार बदलते.

बोटांचंही तसंच. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या बोटांवर बारीक रेषा उमटायला लागतात. तेव्हा एक बाळ या कुशीवर, दुसरं त्या कुशीवर. एकाचं बोट जरा भरभर वाढतं, दुसऱ्याचं जरा सावकाश. एकाचा हात इकडे दाबला जातो, दुसऱ्याचा मोकळा राहतो. कणीक एकच, पण प्रत्येक पोळीचे डाग निराळे!

रेषा उमटतात कशा, तेही ऐक. विषामृत खेळतो ना आपण? ‘विष’ म्हटलं की थिजायचं, ‘अमृत’ मिळालं की पुन्हा पळायचं. बोटाच्या त्वचेत असाच खेळ चालतो! एक रसायन म्हणतं, ‘इथे रेष उंच कर!’ हे आपलं अमृत. दुसरं म्हणतं, ‘बस, थांब!’ हे विष. विष जरा जास्त लांब पळतं. म्हणून एक रेष उठली की तिच्या शेजारची जागा थिजते, तिच्यापलीकडे पुन्हा रेष उठते. रेष, खाच, रेष, खाच!

ही कल्पना ॲलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५२ मध्ये मांडली. ज्यांनी संगणकाचा पाया घातला ना, तेच हे ट्युरिंग! आणि बोटांवर खरोखर असंच घडतं, हे शास्त्रज्ञांनी दाखवलं पुन्हा २०२३ मध्येच. रेषांच्या लाटा तीन ठिकाणांहून निघतात. एक बोटाच्या फुगीर भागाच्या मधोमध, एक नखाच्या खालून आणि एक पेराच्या घडीपासून. जिथे त्या एकमेकींना भेटतात, तिथे शंख, चक्रं असे आकार तयार होतात.

एवढं मी सांगत होते, तोवर रुमालानं काच लख्ख झाली होती. आणि धाकट्यानं तिच्यावर पुन्हा पंजा थापला होता!

मग वाघ. वाघ बघून थोरला जोरात ओरडला, “माऊ!” आणि धाकटा? तो बाबागाडीत गाढ झोपला होता! एवढा वाघ समोर आणि हा घोरतोय.

पण तू जागं राहा, कारण आता सगळ्यात भारी गोष्ट येते आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, हे तू ऐकलं असशील. पण हे माहीत आहे का? एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टेसुद्धा सारखे नसतात! वाघ स्वतःच्याच दुसऱ्या बाजूशी जुळत नाही! आणि केस काढले तरी पट्टे जात नाहीत. खालच्या कातडीवरही ते असतातच. वाघाच्या पट्ट्यांमागेही विषामृतासारखाच खेळ असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

या पट्ट्यांवरूनच तर जंगलातल्या वाघांची हजेरी लागते! वाघ काही ‘हजर बाई!’ म्हणत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधून ठेवतात. दोन्ही का? आता तूच सांग! डावी कूस वेगळी आणि उजवी वेगळी, मग दोन्हींचे फोटो नकोत? वाघ मधून चालत गेला की खटक, खटक! दोन फोटो. मग संगणक पट्टे जुळवून सांगतो, हा कालचाच वाघ की नवा.

२०१८-१९ मध्ये आपल्या देशात अशी व्याघ्रगणना झाली. किती फोटो निघाले असतील? ३ कोटी ४८ लाखांहून जास्त! हरणं, डुकरं, हत्ती, सगळ्यांचे. त्यांत वाघांचे फोटो होते ७६,६५१. आणि त्यांतून पट्टे जुळवून वेगवेगळे वाघ ओळखले २,४६१! पिल्लं त्यात धरलीच नव्हती. केवढं मोठं काम! मला ते काम करणाऱ्यांचा फार हेवा वाटतो.

दुपारी धाकटा उठला आणि दोघांनाही एकदमच चालायचा कंटाळा आला. मग काय, बाबांच्या एका खांद्यावर एक, कडेवर दुसरा! बहीण हसून म्हणाली, “ताई, बघ, यांचा मार्मोसेट झाला!”

मार्मोसेट म्हणजे दक्षिण अमेरिकेतली खारीएवढी माकडं. त्यांना बहुतेक वेळा जुळीच होतात. आणि त्या पिल्लांना पाठीवर घेऊन कोण फिरतं, ओळख! त्यांचे बाबा!

हत्तिणीला मात्र जुळं फार क्वचित होतं. एक पिल्लू पोटात वाढायलाच जवळजवळ २२ महिने लागतात! हत्तीवरून आठवलं. बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे ना, त्याच्या आवारात एक भलामोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. इंग्रजांना तो बोटीनं इंग्लंडला न्यायचा होता. पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले! पुढे ते तुकडे जोडले, आणि हत्ती मुंबईतच राहिला. खऱ्या प्राण्यांना बागेत खाऊ घालायचा नसतो, हे आम्ही दोघांना दिवसभर बजावत होतो. या हत्तीला मात्र थोरल्यानं आपलं अर्धं बिस्किट खुशाल देऊ केलं. धाकट्यानं उरलेलं अर्धं पळवलं!

आणि जुळ्यांवरही कडी करणारा प्राणी कोणता, सांगू? अमेरिकेतला नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो. अंगावर हाडांच्या तुकड्यांचं चिलखत असलेला. त्याच्या मादीला जवळजवळ दर वेळी चार पिल्लं होतात, चारही एकाच पेशीपासून! आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं बाई! मग तीट कुठे कुठे लावायची?”

आता तुझी पाळी. कागदावर पेन्सिल खूप घास. काळ्या झालेल्या जागी बोट फिरव आणि त्या बोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून हलकेच काढ. ती पांढऱ्या कागदावर चिकटव. आला की नाही ठसा? दहाही बोटांचे घे. बघ, तुझ्या स्वतःच्या दोन बोटांचे ठसेसुद्धा सारखे नाहीत!

ठशांवरून माणूस ओळखायचं जगातलं अगदी सुरुवातीचं एक कार्यालय कुठे सुरू झालं, ठाऊक आहे? कोलकात्यात, १८९७ मध्ये! तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी हजारो ठशांतून हवा तो ठसा पटकन शोधायची पद्धत बसवली. तूही तुझ्या घरातल्यांच्या ठशांची वही कर. मग काचेच्या पेल्यावर कोणाचा हात लागला, ते शोधता येईल. लाडवांचा डबा कोणी उघडला, तेही!

आणि कधी गावी गेल्यावर गोठ्यात डोकाव. गाईच्या ओल्या नाकावर बारीक बारीक खाचा दिसतील. तोच तिचा ठसा! एकीच्या नाकाची नक्षी दुसरीशी जुळत नाही. जनावरं ओळखायला तिचा खरोखर उपयोग करतात. फार जवळ जाऊन बघू नकोस मात्र, गाय पटकन तुझाच गाल चाटेल. जीभ खरखरीत असते हं तिची!