गावी परतण्यापूर्वीचा हिशेब

1982 च्या संपानंतर गिरणगावातील आणि 2020 च्या टाळेबंदीत साऱ्याच शहरांतील कित्येक कामगार गावाकडे परतले. ‘गावी घर आहे, जमीन आहे, उपाशी तर मरणार नाही,’ असे आम्हां कामगारांत नेहमी म्हटले जाते. त्यात तथ्य किती, हे हिशेबानेच ठरवावयास हवे. कोकण आणि सह्याद्रीचा पट्टा नजरेसमोर ठेवून तो करून पाहू.

प्रथम डोंगर. 2014 साली माळीण, 2021 साली तळिये, 2023 साली इरसालवाडी. तिन्ही ठिकाणी जुलैच्या पावसात वस्ती दरडीखाली गेली. खडकावरील मातीचा थर भिजून जड होतो, त्याची पकड सुटते आणि उतार तीव्र असला की तो खाली येतो. पायथ्याशी माती व मोठाले धोंडे सरमिसळ पडलेले दिसले, तर पूर्वी तेथे दरड आली असावी, असे समजावे. डोंगराला नव्या भेगा पडल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर घर त्याच घटकेस सोडावे. नदीकाठी राहावयाचे असेल, तर 2005 आणि 2021 चे पाणी कोठवर चढले होते, हे शेजाऱ्यास विचारावे.

दुसरे पाणी. कोकणात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही आणि उतार समुद्राकडे. पन्नास चौरस मीटर छपरावर वर्षाला सव्वा लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांना पिण्या-रांधण्यास माणशी दहा लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या एकशेवीस दिवसांना सहा हजार लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी बांधली की काम झाले.

तिसरे धान्य. माणशी महिना दहा किलो तांदूळ म्हणजे पाच जणांना वर्षाला सहा क्विंटल. त्यासाठी भात हवे नऊ क्विंटल. एकरी पंधरा क्विंटल पिकले, तर चोवीस गुंठे जमीन लागते. सातबाऱ्यावर वीस नावे असली, तर आपल्या वाट्यास किती येते, ते ज्याचे त्याने पाहावे. शिवाय मीठ, औषध, मुलांची शाळा यांना रोख पैसा लागतोच. कोकणातील चुली एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत, हे विसरून चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. हा हिशेब एकट्याने करून भागत नाही. वरच्याने डोंगर कापला की दरड खालच्यावर येते. एकाची बोअर खोल गेली की दुसऱ्याची विहीर आटते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पाऊस मोजून, उपलब्ध पाणी पाहून कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे बंदी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत. ते आपल्या ग्रामसभेत मांडावयास लावणे, हा गावी परतणाऱ्याचा हक्क आहे, आणि गावावर आजवर शहरातून पैसे धाडून प्रेम करणाऱ्याचे ते कर्तव्यही आहे.