गुटगुटीत बाळ आणि यकृतातील विषाणू

बाळाला विषाणूजन्य हिपॅटायटीस, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज, झाली असेल तर त्याचे वजन वाढत नाही आणि डोळे पिवळे होतात, ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की बाळ गुटगुटीत दिसले की तपासणीचा विषयच निघत नाही. हिपॅटायटीस बीच्या बाबतीत ही समजूत सपशेल चुकीची आणि घातक आहे.

हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. संसर्ग झालेल्या पेशींवर शरीराची रोगप्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्यातून यकृताची हानी होते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती असा हल्ला चढवत नाही, त्यामुळे रक्तात विषाणू भरपूर असूनही कावीळ होत नाही, भूक चांगली राहते आणि वजन-उंचीचा आलेख चढता असतो. मात्र हल्लाच न झाल्याने विषाणू हटत नाही: जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्या सुमारे 90 टक्के बालकांत तो कायमचा राहतो, तर प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार, बालपणी असा दीर्घकालीन संसर्ग जडलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांश व्यक्ती पुढे यकृताच्या सिऱ्हॉसिसने (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोगाने अकाली दगावतात. वाढ खुंटते ती क्वचित होणाऱ्या तीव्र आजारात किंवा यकृत निकामी होऊ लागल्यावर, कारण पित्त आतड्यात पुरेसे उतरले नाही तर स्निग्ध पदार्थ आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. तोवर थांबणे म्हणजे निदान मुद्दाम लांबवणेच होय.

रोग्याच्या बाह्य रूपावर विसंबता येत नाही, हे चिंपांझींवरील संशोधनातही स्पष्ट झाले होते. माणसाचे बी आणि सी हे दोन्ही विषाणू चिंपांझीत भरवशाने रुजत असल्याने नेदरलँड्समधील रायस्वाइक येथील वानरवर्गीय प्राण्यांच्या संशोधन केंद्रात त्यांच्यावर अनेक वर्षे हिपॅटायटीसचे प्रयोग झाले. चिंपांझीत हा आजार बहुधा सौम्य असतो, म्हणून संसर्गाची खात्री त्याच्या हालचालींवरून किंवा खाण्यापिण्यावरून नव्हे, तर रक्ताच्या आणि यकृताच्या नमुन्यांवरून करावी लागे. मोठ्या वानरांवरील अशा प्रयोगांना त्या देशाने 2003 मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि ती योग्यच होती.

त्याच देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना लसीच्या वेळापत्रकातील फरक गोंधळात टाकू शकतो. भारतात प्रत्येक बाळाला 24 तासांच्या आत हिपॅटायटीस बीची लस देण्याचे धोरण आहे. नेदरलँड्समध्ये जन्मतःची लस केवळ बाधित मातेच्या बाळाला, इम्युनोग्लोब्युलिन या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसह दिली जाते, तर इतर बाळांची लस काही आठवड्यांनंतर सुरू होते. यावरून ‘तिकडे देत नाहीत, म्हणजे ती अनावश्यकच’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण तेथे प्रत्येक गर्भवतीची आधीच हिपॅटायटीस बीसाठी रक्ततपासणी केली जाते आणि ही सारी व्यवस्था त्या तपासणीवरच उभी आहे.

बाधित मातेने स्तनपान थांबवावे हेही खरे नाही: तैवानमधील 147 बालकांचा अभ्यास 1975 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात स्तनपानामुळे संसर्ग वाढल्याचे आढळले नाही. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी कावीळ बहुतेक वेळा विषाणूची नसते. पण पांढुरकी शी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते म्हणजे कावीळ उतरते, या समजुतीला कसलाही आधार नाही. कावीळ झालेल्या मुलाचे तेल-तूप पूर्ण तोडल्याने यकृत बरे होत नाही, फक्त मुलाचे पोषण घटते.

गर्भारपणातील ‘एचबीएसएजी’ या हिपॅटायटीस बीच्या रक्तचाचणीचा अहवाल प्रत्येक कुटुंबाने मागून पाहावा; माता बाधित असल्यास लसीचे सर्व डोस पूर्ण करून बाळाची 9 ते 12 महिन्यांच्या वयात रक्ततपासणी करून घ्यावी, मग त्याचे वजन कितीही छान वाढत असो.